मांजराशी बोलणारी बाय

मी येणार म्हटलं की लोक घर आवरतात, आणि तिथंच माझं निम्मं काम बिघडतं. न्हाणीतलं शेवाळ घासून काढतात, उंबऱ्यातल्या चपला उचलतात, आजीला ठेवणीतलं लुगडं नेसवतात, आजोबांची दाढी करतात. पोहे तर ठरलेलेच. मुलगी बघायला पाहुणे यावेत तसा सगळा थाट. फरक इतकाच, की इथं दाखवायला बसवलेलं माणूस ऐंशीच्या घरातलं असतं, आणि पसंत पडलं तरी त्याला कुणी घेऊन जाणार नसतं.

माझी सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून झाली. निवृत्त झाल्यावर घरी बसून टीव्हीवरच्या सासवा बघण्यापेक्षा पेणमधल्या एका छोट्या संस्थेचं काम धरलं. ही संस्था घरी राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी नर्स आणि मदतनीस बायका पाठवते. पण पाठवण्याआधी त्या घरात नक्की कसली मदत हवी आहे, हे कुणीतरी डोळ्यांनी बघून यावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे मी. याला असेसमेंट म्हणतात. गावात मला कुणी विम्याची बाई समजतं, कुणी मतदार यादीवाली. रोह्याच्या एका आजींनी मला दारात बघून सुनेला हाक मारली होती, "अगो, म्हाताऱ्यांची मापं घेणारी आली बघ." तेव्हापासून मी हेच नाव सांगते.

आम्ही काय बघतो? आजार डॉक्टरांनी बघितलेला असतो. आम्ही त्या माणसाचा दिवस बघतो. सकाळी उठताना ते कशाला धरतं, न्हाणीपर्यंत कसं जातं, ओल्या फरशीवर पाय कुठं टाकतं, गोळ्या कोण देतं, तहान लागली तर तांब्या हाताला लागतो का, दुपारी घरात कुणी नसताना काय होतं. हे विचारून कळत नाही. विचारलं तर "सगळं बरं चाललंय" हे एकच उत्तर मिळतं. एका घरी मुलानं मोठ्या अभिमानानं वडिलांसाठी आणलेला वॉकर दाखवला. त्यावर तीन टॉवेल आणि नातवाची चड्डी वाळत होती. रोह्याच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांना मी विचारलं, "सर, आज वार कोणता?" ते म्हणाले, "पेन्शनरला सगळे रविवारच. पुढचा प्रश्न विचारा." मी मुकाट्यानं पुढचा प्रश्न विचारला.

माझं डोकं फिरतं ते आईला विचारलेल्या प्रश्नाला मुलगा उत्तर देतो तेव्हा. "आजी, रात्री झोप लागते का?" "लागते हो, मस्त घोरते." अरे बाबा, मी तुला विचारलंच नाही! म्हणून माझे दोन नियम आहेत. घरातल्या प्रत्येकाशी मी एकदा तरी एकट्यानं बोलते. आणि जमेल तिथं म्हाताऱ्या माणसाला चहा करायला लावते. चहाइतकी चांगली परीक्षा मला अजून सापडलेली नाही. आधी काय, मग काय, भांडं कुठं, साखर किती, गॅस बंद केला का, सगळं त्यात येतं. अडचण एवढीच, की "चहा करता का?" म्हटलं की घरातल्या चार बायका उठतात. त्यांना परत बसवायला मला हेडमास्तरीण व्हावं लागतं.

वाईट एका गोष्टीचं वाटतं. आम्हाला बोलावतात ते बहुधा माणूस पडल्यावर, हाड मोडल्यावर. सहा महिने आधी बोलावलं असतं तर न्हाणीत एक दांडी बसवून भागलं असतं, असं कितीतरी घरांतून बाहेर पडताना मनात येतं. पण आज मला ज्या घराबद्दल लिहायचं आहे, तिथून मी वेगळंच काही घेऊन निघाले. नावं बदलली आहेत. गावाचं नाव सांगणार नाही, धरमतरच्या खाडीकाठचं आहे इतकं पुरे.

गेल्या हिवाळ्यात नरेशचा फोन आला. नरेश धाटावला केमिकल कंपनीत कामाला, राहायला रोह्यात, तिसऱ्या मजल्यावर. बायको स्वप्नाली तिकडचीच. आईवडील दोघंच गावी.

"सिस्टर, आईचं असेसमेंट करायचंय," तो म्हणाला. "मागच्या आठवड्यात ती परसदारी पडली. पण पडण्याचं एवढं नाय. तिचं डोकं फिरलंय. दिवसभर मांजराशी बोलत असते."

"मग त्यात काय? मी मिक्सरशी बोलते."

"मांजर मेलंय, सिस्टर. गेल्या वर्षीच. मीच जांभळीखाली पुरलंय त्याला."

मी पत्ता लिहून घेतला.

त्यानं सगळं ठरवूनच ठेवलं होतं. आईला रोह्याला न्यायचं, डोक्याच्या डॉक्टरला दाखवायचं आणि दोन-तीन महिने तिथंच ठेवायचं. वडील गावी राहतील, शेजारची चुलती डबा देईल. "बाबांना काय धाड भरलेय? ठणठणीत हायत. उलट आईच्या बडबडीतून त्यांना जरा सुटका." आई मात्र घर सोडायला तयार नव्हती. आता मी एकदा सांगितलं की ही एकटी राहण्यासारखी नाही, म्हणजे गाडीत घालून न्यायला तो मोकळा.

पोरगा वाईट नव्हता, बरं का. शिफ्ट संपवून, न झोपता, मोटरसायकलवर बायकोला घेऊन तो माझ्याआधी गावात हजर होता. आईच्या काळजीनं डोळे लाल झालेले. काळजी करणारी माणसं चुकीच्या दिशेनं धावतात तेव्हा त्यांना अडवणं फार जड जातं.

मी वडखळला स्कूटी अलिबागच्या रस्त्याला घातली आणि पुढं खाडीकडं वळले. डाव्या हाताला भातं कापून मोकळी झालेली खाचरं, उजव्या हाताला बांध, बांधापलीकडं चिखल आणि लांबवर एक बार्ज. घरासमोर पडवीत हसुरामदादा माझी वाट बघत बसले होते. इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी, मिशा विंचरलेल्या. "या, या. पेणवरून आलाव काय? बसा."

माणूस असा, की बघूनच बरं वाटावं. मिठागरावर मुकादमी केलेली. आगरात पाणी कधी घ्यायचं, कधी अडवायचं, मीठ पिकायला आलं की पाण्याचा रंग कसा फिरतो, पहाटवाऱ्यात वर पापुद्रा कसा धरतो, सगळं इतकं रंगवून सांगितलं की मी आ वासून ऐकत राहिले. खोटं कशाला बोलू, मला वाटलं की यांच्याकडं बघायची गरजच नाही. जुन्या गोष्टी शाबूत असणं आणि सकाळची गोष्ट शाबूत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मीच नव्या मुलींना शिकवते. पण मिशांवर कुणीही भुलतं.

हिराबाय दाराच्या चौकटीला हात लावून उभ्या होत्या. बारीक, काळ्यासावळ्या, ताठ. उजव्या दंडावर पडल्याचा हिरवानिळा डाग. मी विचारलेल्या प्रश्नांना त्या पटापट उत्तरं देत होत्या. वार सांगितला, तिथी सांगितली, नरेशची शिफ्ट कुठली ते सांगितलं, वर "तुमाला पोरं किती?" हेही विचारून घेतलं. डोकं फिरलेल्या बाईची ही लक्षणं नव्हती. तेवढ्यात हसुरामदादांनी मिठाची तीच गोष्ट परत पहिल्यापासून सुरू केली. हिराबाय एकदम परसदाराकडं तोंड करून ओरडल्या, "मन्या, गप रे! तेच तेच काय ओरडतोस?"

परसदारी कुणी नव्हतं. नरेशनं माझ्याकडं बघून कपाळाला हात लावला. हसुरामदादा बोलायचे थांबले होते, पण तेव्हा मी तिकडं लक्ष दिलं नाही.

आता एकेकाला वेगळं काढायचं होतं. मी हिराबायना म्हटलं, "स्वप्नालीला घेऊन मागं न्हाणी दाखवायला जा, मी आलेच." त्या जागच्या हलेनात. "न्हाणीत काय बघायचं? न्हाणी ती न्हाणी. मी हितंच बसतं." स्वप्नालीनं हात धरून नेलं तेव्हा कुठं गेल्या, तेही मागं वळून वळून. नरेश पडवीत फोनवर कुणाशी तरी शिफ्ट बदलून घ्यायचं बोलत होता. स्वयंपाकघरात मी आणि हसुरामदादा.

"दादा, मला चहा करून पाजता का? बायकांच्या हातचा रोजच पिते."

"व्हय, त्यात काय," असं म्हणून ते हसत उठले. गॅसपाशी गेले. आणि तिथंच उभे राहिले.

दवाखान्यात मी खूप काही बघितलं आहे, पण असा उभा माणूस बघितला नव्हता. हात अर्धा उचललेला, बोटं पसरलेली, डोळे फळीवरून फिरतायत आणि कशावरच थांबत नाहीत. आपल्याच घरात, आपल्याच फळीसमोर. त्यांनी एक डबा उचलला, ठेवला. परत तोच उचलला. चेहऱ्यावर हसू तसंच होतं, ते उतरवायचं कसं हेही जणू सुचत नव्हतं. मी "राहू दे, दादा" म्हणणार, तेवढ्यात खिडकीबाहेरून आवाज आला.

"मन्या, फळीवर चढू नको! मधल्या फळीवरचं पातेलं पाडशील!"

हसुरामदादांचा हात मधल्या फळीवर गेला. पातेलं निघालं.

"माठाजवळ काय करतोस रे? पेलाभर पाणी सांडशील!"

माठातलं पेलाभर पाणी पातेल्यात पडलं. लायटरचा आवाज झाला. बाहेर जरा शांतता. त्या न्हाणीपाशी उभ्या राहून कान देऊन ऐकत असणार. मग परत, "मुडद्या, निळ्या डब्यात तोंड घालू नको! साखर हाय ती!" निळा डबा उघडला. पावडर झाली, दूध झालं. शेवटी, "आता ये बाहेर, गॅस बंद हाय का बघ जरा, शेपटी जळंल!" हसुरामदादांनी गॅस बंद केला, चहा गाळला आणि कप माझ्या हातात दिला. चहा चांगला झाला होता.

नरेश दारात येऊन उभा राहिला. "ऐकलंत ना, सिस्टर? आता तरी पटलं?"

"ऐकलं," मी म्हटलं. कप हातात धरून मी परसदारी गेले आणि स्वप्नालीला नरेशकडं पाठवलं.

हिराबाय हंड्यातून तांब्यात पाणी ओतत होत्या. तांब्याच्या काठाआत एक बोट. पाणी बोटाला लागलं तशा थांबल्या. पाणी किती भरलं हे दिसत असलेलं माणूस असं करत नाही. मी जवळ जाऊन विचारलं, "बाय, माझी साडी कशी आहे?"

"छान हाय की. रंग उठून दिसतोय."

मी सलवार-कमीज घातली होती.

उजेडात त्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या पांढरट दिसत होत्या. मी त्यांच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि म्हटलं, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, बाय. आणि मन्या आत चहा करून बसलाय. आता खरं सांगा."

त्या कपडे धुवायच्या दगडावर बसल्या. कितीतरी वेळ पदराचं टोक चोळत राहिल्या. मग जे बोलल्या ते मी आयुष्यात विसरायची नाही.

दोन वर्षं हे चाललं होतं. आधी नावं जायला लागली, मग वस्तू, मग कामांचा क्रम. दोघंच असले की त्या हळूच सांगायच्या, "अहो, आता दात घासायचे." पण चारचौघांत नवऱ्याला असं कसं सांगायचं? या पिढीतली बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, त्याला हुकूम तर लांबच. आणि हसुरामदादा गावात मोठं माणूस. उधाणाला बांधाला खांड पडली, खारं पाणी शेतात शिरायला लागलं, की पोरं आजही धावत त्यांच्याकडं येतात, दादा, माती कुठून टाकायची? तेव्हा घरात मन्या होता. एकदा चुलती आलेली असताना त्या मन्यावर ओरडल्या आणि दादांनी ते ऐकून तसंच केलं. वाट सापडली.

"मन्या मेला तवा मी लय रडलं," त्या म्हणाल्या. "नरेसला वाटलं मांजरासाठी. मना वाटलं, आता यांना कसं सांगू? नवीन बोका आणला तर त्याचं नाव यांना परत शिकवायला लागंल. म्हटलं, मेला तर मेला, काम तर करतोय ना?"

"आणि मुडद्या काय म्हणता त्यांना?"

त्या लाजल्या. खरंच लाजल्या. "तसं म्हणायला लागतं गो. नायतर लोकांना खरं कसं वाटेल?"

"आणि बांधाचं काय? पोरं विचारायला येतात तेव्हा?"

"मी म्हणतं, दादा उद्या सांगतील. राती ते बोलतात जुनं जुनं, त्यातून मी धरतं. सकाळी पोरांना सांगतं, दादांनी असं असं सांगितलंय."

दोन वर्षं गावाचा बांध राखणारं डोकं कुणाचं होतं ते मला त्या दगडापाशी कळलं. मी मापं घेणारी बाई, पण या बाईचं माप घ्यायला माझ्याकडं काही नव्हतं. आंधळ्यानं पांगळ्याला खांद्यावर घेतल्याची गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. इथं ती रोज चालली होती. गोळ्यांचे रंग ते बघायचे, वेळ या सांगायच्या. सुईत दोरा ते ओवायचे, टाके या घालायच्या. त्या दिवशी पडल्या त्याही ते एकटेच बांधाकडं निघाले म्हणून मागून धावताना.

"डोळ्यांचं ऑपरेशन का नाही केलं?" मी जरा चिडूनच विचारलं. "पुरतं दिसेनासं होईपर्यंत थांबणार होता काय?"

"दवाखान्यात जायचं तर एक दिवस त्यांना सोडायला लागंल. एक दिवस, सिस्टरबाय! मी नसलं तर ते फळीपुढं उभंच राहतील." मग त्यांनी माझा हात घट्ट धरला. "तुमी हे कुनाला बोलू नका. मना वेडी म्हणा, चालंल. त्यांना नको."

मला रडू आलं. आमच्या धंद्यात रडायचं नसतं, पण आलं. मी म्हटलं, "बाय, मी बोलले नाही तर नरेश तुम्हाला रोह्याला नेणार. मग इथं चहाच्या वेळी कोण ओरडणार?"

त्यांनी माझा हात सोडला. जांभळीखालचा पाला वाऱ्यानं सरकत होता. मग म्हणाल्या, "नरेसला सांगा. पण त्यांच्या देखत नाय."

मी निघाले तेव्हा हसुरामदादा मला स्कूटीपर्यंत सोडायला आले. ही वाट त्यांच्या पायांना पाठ होती, कुठं अडखळले नाहीत. स्कूटीपाशी आल्यावर त्यांनी मागं घराकडं बघितलं आणि आवाज खाली आणला.

"बाय, मांजर मेलंय ना?"

माझा हात किल्लीवरच राहिला. "हो, दादा."

"मना वाटलंच. ती मनाच सांगते. मी ऐकतो." जरा थांबून म्हणाले, "तिला वाटतं, मना कळत नाय. तसंच असू दे. लय कष्ट घेते ती." मग माझ्याकडं नवीनच कुणाला बघावं तसं बघून, एकदम हसून म्हणाले, "तुमी कुनाकडं आलाव?"

"तुमच्याकडंच आले होते, दादा," मी म्हटलं आणि स्कूटी सुरू केली. वळणावर जाऊन परत थांबवली, डोळे पुसले आणि नरेशला फोन करून त्याला आणि स्वप्नालीला तिथंच बोलावून घेतलं.

नरेशला आधी खरंच वाटेना. मग तो चिडला. "म्हणजे दोन वर्षं आई आम्हाला फसवतेय?" मग एकदम तिथल्या दगडावरच बसला आणि म्हणाला, "मी बाबांना एकटं ठेवणार होतो इथं." हे तो तीनतीनदा म्हणाला. शेजारी खाडी, पलीकडं रस्ता, आणि वडील बांधाकडं निघणारे. काय झालं असतं ते कुणी त्याला समजावून सांगायची गरज नव्हती.

मी माझ्या कामाचं बोलले. दोघांना वेगळं करायचं नाही. घर बदलायचं नाही, कारण दादांचे पाय हे घर ओळखतात, तिसऱ्या मजल्यावर ते हरवतील. बायचे डोळे पेणला करून घ्यायचे, एकेक करून, आणि दादांना बरोबर न्यायचं. दादांनाही डॉक्टरला दाखवायचं. गावातलीच एक बाई सकाळी कामाला ठेवायची. न्हाणीत दांडी, परसदाराच्या पायऱ्यांना कठडा. नरेश म्हणाला, ऑपरेशननंतर महिनाभर तरी दोघांना रोह्याला आणतो, माझी शिफ्ट, हिची नोकरी, गावी कोण राहणार? तेव्हा इतका वेळ गप्प असलेली स्वप्नाली म्हणाली, "मी राहीन. रजा काढते." नरेश तिच्याकडं वळला. "तुला इथं करमत नाय," तो म्हणाला. "नाय करमत," ती म्हणाली. "पण आत्तींना तरी कुठं सुट्टी हाय?" अशा सुनांवर कुणी मालिका काढत नाही.

ऑपरेशनच्या आधी स्वप्नाली आठवडाभर गावी राहून सगळं शिकत होती. मला फोन करायची. "सिस्टर, मी म्हणते मन्या, आंघोळ, तर बाबा विचारतात, कोण मन्या?" आवाज तोच लागायचा. तो कुठून आणणार? नरेशचं मन परत डळमळायला लागलं. "हे जमणार नाय," तो मला म्हणाला, "दवाखान्यातून दोघांना सरळ रोह्याला नेतो. निदान मी डोळ्यांसमोर ठेवीन." मी म्हटलं, तुझे आईवडील, तू ठरव. पण त्या दिवशी मी दवाखान्यात गेले. खरं तर माझं काम तिथं संपलेलं होतं.

पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्याची पट्टी काढायची ती सकाळ. बाकावर हसुरामदादा, शेजारी नरेश. योग असा, की त्यांच्या गावचा एक तरुण, बांधाचं विचारायला नेहमी येणाऱ्यातला, आपल्या आजीला घेऊन तिथंच आलेला. "दादा, तुमी इकडं?" म्हणून पाया पडला. दादा नुसते हसले.

दार उघडलं आणि स्वप्नालीचा हात धरून हिराबाय बाहेर आल्या. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा, डोक्यावरून पदर. हसुरामदादांनी बघितलं आणि मान फिरवली.

"बाबा, आई आली," नरेश म्हणाला.

"कुठाय?"

"ही काय."

"ही नाय," ते म्हणाले आणि उठून त्या उघड्या दाराकडं निघाले. नरेशनं दंड धरला तसा त्यांनी हिसडा दिला. "सोड! माझी बायको आत हाय. तिला घेतल्याशिवाय मी नाय यायचा!" आवाज सगळ्या दवाखान्यात गेला. बाकांवरची माणसं वळून बघायला लागली. नर्स धावत आली. तो गावचा तरुण उभा राहून बघत होता, आणि त्याच्या तोंडावरून कळत होतं की त्याला सगळं समजलंय. नरेश रडकुंडीला आला. मला म्हणाला, "बघितलंत? हे कसं निभवायचं गावी?"

हिराबाय जागच्या जागी उभ्या होत्या. काळ्या चष्म्यातून त्या नवऱ्याकडं बघत होत्या, कितीतरी महिन्यांनी नीट. मग त्यांनी त्या तरुणाकडं बघितलं, बाकांवरच्या माणसांकडं बघितलं, आणि मला वाटलं, आता या मांजराला हाक मारणार.

"अहो," त्या म्हणाल्या. मोठ्यानं, सगळ्यांसमोर.

हसुरामदादा थांबले.

"अहो, मी हाय. चष्मा घातलाय म्हणून तुमाला वळखू येत नाय. हिकडं या. आता आपल्याला घरी जायचंय. आधी खाली बसा, चपला उलट्या घातल्याव, त्या नीट घाला."

ते आले. बसले. चपला काढल्या, परत घातल्या. नीट. मग वर बघून म्हणाले, "तू हायस व्हय? मग असं सांग ना."

कुणी हसलं नाही. तो तरुण पुढं आला आणि हिराबायंच्या पाया पडला. म्हणाला, "काकी, उधाण आलं की मी येतोच विचारायला. तुमालाच विचारीन." त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. नरेशनं तोंड पुसलं, खिशातून गाडीची किल्ली काढली आणि स्वप्नालीला म्हणाला, "वडखळला वळायचं. गावी."

बाहेर ऊन चांगलं वर आलं होतं. दोघं पुढं, आम्ही मागं. हसुरामदादांनी बायकोचा हात धरलेला. दवाखान्याच्या दारात ते थांबले, हात जरा वर उचलून धरला आणि म्हणाले, "जपून. पायरी हाय."

पायरी तिला लख्ख दिसत होती. तिनं पाय उचलला, तसाच अधांतरी धरला, आणि आधी बोटानं चाचपून मग खाली टाकला.

"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली.